‘स्टेरॉइड चालू केले आहे’ असे आयसीयूतून सांगतात तेव्हा

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे असून साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. चार दिवस ताप आणि खोकला होऊन दम लागू लागल्यावर आम्ही त्यांना शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेले. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया असल्याचे सांगून त्यांना आयसीयूत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लावला. त्याच संध्याकाळी दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन चालू करत असल्याचे सांगून भावाची सही घेतली. काकांचे म्हणणे असे, की स्टेरॉइड रोग बरा करत नाही, नुसता दाबते. २०२१ साली त्यांच्या मित्राचा डोळा स्टेरॉइडनंतर झालेल्या म्युकरने गेला. मावसभाऊ विचारतो, की द्यायचेच तर मोठा डोस का देत नाहीत? आईला वाटते, की डॉक्टरांनी आशा सोडल्यामुळे हा शेवटचा उपाय चालला आहे. आम्ही ते बंद करायला सांगावे का? आणि कोरोनाच्या वेळची डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांची दोन पाकिटे घरात उरली आहेत. आईलाही सध्या खोकला आहे, तर त्या गोळ्या तिला द्याव्यात का?
— एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपले पत्र हाती आले तेव्हा वडिलांना आयसीयूत जाऊन तीन दिवस झाले होते, म्हणून त्यातल्या तातडीच्या दोन गोष्टी मी त्याच दिवशी फोनवर सांगितल्या होत्या: औषध मध्येच बंद करण्याचा आग्रह धरू नका आणि घरातल्या गोळ्या आईंना देऊ नका. त्यामागची कारणे फोनवर उरकण्यासारखी नव्हती, ती येथे लिहितो. मी आपल्या वडिलांना तपासलेले नाही, त्यांचे एक्स-रे आणि रिपोर्टही पाहिलेले नाहीत. त्यामुळे या उत्तराचा उपयोग तिथल्या डॉक्टरांशी नीट बोलता यावे यासाठी करावा, त्यांच्याशी वाद घालण्यासाठी नव्हे.

‘स्टेरॉइड’ या शब्दाने आपल्याकडे दोन अगदी निराळ्या औषधांची गल्लत होते. व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी काही जण चोरून घेतात ती औषधे पुरुषी हार्मोनच्या जातीची असतात. आयसीयूत दिली जातात ती कॉर्टिकोस्टेरॉइडे, म्हणजे आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या लहानशा ग्रंथी रोज जे कॉर्टिसोल तयार करतात त्याच कुळातली. हायड्रोकॉर्टिसोन हे तर रेणूने कॉर्टिसोलच आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोन वर्षांनी, १९५० साली, हेंच, केंडल आणि राइखस्टाइन या तिघांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे तेच औषध महिनोन्‌महिने घेणाऱ्यांचे चेहरे सुजू लागले, हाडे ठिसूळ झाली, रक्तातली साखर वाढली आणि जंतुसंसर्ग बळावले. चमत्कार आणि धास्ती ही या औषधाची दोन्ही रूपे अशी पहिल्यापासून सोबतच चालत आली आहेत. आपल्या घरात मावसभाऊ एका रूपाकडे बोट दाखवत आहेत आणि काका दुसऱ्या.

काकांच्या ‘दाबते’ या शब्दापासून सुरुवात करतो, कारण तो अर्धा खरा आहे. फुप्फुसात द्राक्षांच्या घडासारखे कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात, की पलीकडच्या रक्तात ऑक्सिजन सहज झिरपतो. न्यूमोनियाचे जंतू तेथे शिरले, की शरीर त्यांच्यावर तुटून पडते: पांढऱ्या पेशी गोळा होतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, भिंतींतून पाणी आणि प्रथिने पाझरतात. एवढ्यावर थांबले तर तो बचाव ठरतो. पण काही रुग्णांत ही प्रतिक्रिया आवरत नाही आणि जंतू प्रतिजैविकाने मरू लागले तरी वायुकोश पाण्याने भरतच राहतात. हा प्रकार दोन्ही फुप्फुसांत पसरून ऑक्सिजन खूप खाली गेला, की डॉक्टर त्याला एआरडीएस म्हणतात. १९६७ साली डेन्व्हरच्या डॉक्टरांनी बारा रुग्णांच्या आधारे त्याचे पहिले नेटके वर्णन केले होते. स्टेरॉइड दाबते ते या अनावर झालेल्या प्रतिक्रियेला. जंतू मारण्याचे काम प्रतिजैविकाचेच राहते. म्हणून योग्य प्रतिजैविकाशिवाय नुसते स्टेरॉइड देणे धोक्याचे, आणि त्या अर्थाने काकांची शंका रास्त आहे. शरीराच्या प्रतिक्रियेमुळेच फुप्फुस बुडत असेल, तर मात्र ती दाबणे हाही उपचारच असतो.

मग डॉक्टरांमध्येच याबद्दल इतकी वर्षे दुमत का होते, असे आपण विचारू शकता. मावसभावांच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच इतिहासात आहे. १९८० च्या दशकात तर्क सरळ होता: दाह मोठा आहे, तर डोसही मोठा द्यावा. अमेरिकेत एआरडीएसच्या ९९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजनाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दर सहा तासांनी, असे चार वेळा दिले होते. ६० किलोच्या माणसाला एका वेळी १८०० मिलिग्रॅम! मृत्यू कमी झाले नाहीत. त्यानंतर बराच काळ स्टेरॉइडचे नाव काढले तरी आयसीयूतले ज्येष्ठ डॉक्टर मान हलवत. २००६ साली आणखी एक अभ्यास आला, ज्यात आजार सुरू होऊन किमान सात दिवस उलटलेल्या १८० रुग्णांना मध्यम डोस दिला होता. व्हेंटिलेटर थोडा लवकर निघाला, पण एकूण मृत्यूंत फरक पडला नाही, आणि ज्यांना चौदा दिवस उलटल्यावर स्टेरॉइड सुरू केले त्यांच्यात तर मृत्यू वाढले. हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आईंच्या भीतीचे उत्तर त्यात आहे. गंभीर फुप्फुसविकारात स्टेरॉइड हा शेवटचा उपाय म्हणून वापरला, की तो बहुधा फसतो. त्याचा उपयोग व्हायचा तर तो सुरुवातीला होतो. आपल्या वडिलांना व्हेंटिलेटर लावला त्याच संध्याकाळी ते सुरू केले, याचा अर्थ आशा सोडली असा होत नाही. वेळ साधली, असा तो होतो. हे आईंना जरूर सांगा.

चित्र पालटले ते २०२० मध्ये. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सर्रास स्टेरॉइड देऊ नये असाच होता. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने ब्रिटनमधल्या रुग्णालयांत ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी चालू होती. तीत २,१०४ रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिले आणि ४,३२१ रुग्णांना फक्त नेहमीचे उपचार दिले. १६ जून २०२० रोजी निष्कर्ष जाहीर झाले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतल्या मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांच्यात मात्र स्टेरॉइड न घेणाऱ्यांपैकी १४ टक्के आणि घेणाऱ्यांपैकी १७.८ टक्के दगावले. हा शेवटचा फरक निर्विवाद सिद्ध होण्याइतका मोठा नव्हता, पण फायद्याचा मागमूसही नव्हता. एकच औषध, एकच विषाणू, एकच डोस, आणि तरीही आजार किती पुढे गेला आहे यावर उत्तर फिरते. घरातल्या त्या गोळ्यांविषयी लिहिताना या आकड्यांकडे पुन्हा यावे लागेल. त्याच वर्षी स्पेनमधल्या १७ आयसीयूंतून आलेल्या अभ्यासात, कोरोनाखेरीज इतर कारणांनी मध्यम ते तीव्र एआरडीएस झालेल्या २७७ रुग्णांत डेक्सामेथासोनने ६० दिवसांतले मृत्यू ३६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणले होते.

आपल्या वडिलांच्या आजाराला सर्वांत जवळचा पुरावा मात्र फ्रान्समधला, २०२३ चा आहे. बाहेर, म्हणजे रुग्णालयात येण्यापूर्वीच जडलेल्या तीव्र न्यूमोनियाचे सुमारे ८०० रुग्ण त्यात होते. आजार तीव्र ठरल्यापासून २४ तासांच्या आत हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० मिलिग्रॅम सलाईनमधून सतत सोडायचे, चौथ्या दिवशी सुधारणा पाहायची आणि त्यानुसार डोस उतरवत एकूण आठ किंवा चौदा दिवसांत ते संपवायचे, अशी पद्धत होती. २८ दिवसांत नुसत्या सलाईनच्या गटात ११.९ टक्के आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या गटात ६.२ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे शंभरांमागे पाच-सहा जीव वाचले. आपल्या पत्रातला २०० मिलिग्रॅमचा आकडा वाचताच मला हाच अभ्यास आठवला. तरी दोन गोष्टी झाकून ठेवणे योग्य नाही. त्या अभ्यासातल्या बहुतेकांच्या घशात सुरुवातीला नळी घातलेली नव्हती, म्हणजे ते आपल्या वडिलांपेक्षा थोड्या अलीकडच्या पायरीवर होते. आणि अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिथाइलप्रेडनिसोलोन देऊन मृत्यू कमी झाल्याचे दिसले नव्हते. सगळा पुरावा एकत्र मांडून ‘सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शनात तीव्र जिवाणूजन्य न्यूमोनियात स्टेरॉइड द्यावे अशी स्पष्ट शिफारस केली आणि एआरडीएसमध्ये ते द्यावे असे थोड्या हलक्या शब्दांत सुचवले. म्हणजे आपल्या डॉक्टरांनी काही जगावेगळे केलेले नाही.

मोठ्या डोसबद्दल मावसभावांना आणखी एक हिशेब सांगता येईल. डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅम, हायड्रोकॉर्टिसोनचे साधारण १६० मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोनचे ४० आणि मिथाइलप्रेडनिसोलोनचे ३२ मिलिग्रॅम यांची दाह शमवण्याची ताकद जवळपास सारखी असते. आकडा मोठा दिसला म्हणून औषध जास्त आणि लहान दिसला म्हणून कमी, असे नसते. २०२१ च्या वसंतात आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या कितीतरी चिठ्ठ्यांमध्ये हा घोळ होता.

आता काकांच्या मित्राचा डोळा. ही भीती ऐकीव नाही, त्यांनी ती जवळून पाहिलेली आहे, म्हणून तिला ‘गैरसमज’ म्हणून झटकू नका. म्युकरची बुरशी माती, शेणखत, कुजका पाला यांत सगळीकडे असते आणि धडधाकट माणसाचे ती सहसा काही बिघडवत नाही. रक्तातली साखर बेताल झाली, त्यातून रक्तातले आम्ल वाढले आणि पांढऱ्या पेशी मंदावल्या, की तीच बुरशी नाकाच्या पोकळीत शिरून डोळा, टाळू, पुढे मेंदूपर्यंत रक्तवाहिन्या कुरतडत जाते. स्टेरॉइड साखर वाढवते आणि पांढऱ्या पेशीही मंदावते, म्हणजे दोन्ही दारे एकदम उघडते. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्र हे म्युकरचे सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांपैकी एक होते. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य ठरवायला सांगितले आणि अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावोगावी फिरत होते. त्या रुग्णांत मोठा वाटा मधुमेहींचा होता. ऑक्सिजनची गरज नसताना घरीच सुरू केलेले स्टेरॉइड, ठरल्यापेक्षा मोठा डोस, दहा दिवसांऐवजी तीन-तीन आठवडे चाललेल्या गोळ्या आणि या सगळ्यात कोणीही न मोजलेली साखर, अशा कहाण्या मी तेव्हा वारंवार ऐकल्या. काकांच्या मित्राची कहाणी यांपैकी कोणती होती, ते मला ठाऊक नाही. आपल्या वडिलांची परिस्थिती मात्र एका बाबतीत निश्चित वेगळी आहे: आयसीयूत साखर दर एक-दोन तासांनी मोजता येते आणि इन्सुलिन पंपातून थेंबाथेंबाने देता येते. साखर साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. म्हणून बारा वर्षांचा मधुमेह हे स्टेरॉइड नाकारण्याचे कारण मी मानणार नाही. इन्सुलिनच्या बाबतीत दुप्पट चौकस राहण्याचे कारण मात्र मानीन.

खरा नकार द्यायला लावणारी कारणे वेगळी आहेत. पहिले इन्फ्लूएंझा. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना या आजाराने फुप्फुसे किती झपाट्याने जातात हे ठाऊक आहे. फ्लूच्या न्यूमोनियात स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांत मृत्यू आणि नंतरचे संसर्ग जास्त दिसले आहेत. ही निरीक्षणे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांतली नाहीत, पण कल इतका सारखा आहे, की उपर्युक्त संघटनेच्या आधीच्या मार्गदर्शनातही फ्लूसाठी स्टेरॉइड देऊ नये असेच म्हटले आहे. फ्रान्सच्या अभ्यासातही फ्लूचे रुग्ण वगळले होते. तेव्हा घशाच्या किंवा नळीतल्या स्रावाची फ्लू आणि कोविडसाठी तपासणी झाली का, हा आपला पहिला प्रश्न असावा. आपल्या पत्रात तिचा उल्लेख नाही.

दुसरे कारण क्षयरोग. आपल्या देशात मधुमेही माणसाच्या फुप्फुसात डाग दिसला, की टीबीचा विचार मनात यायलाच हवा. टीबी आहे हे माहीत असून त्याची औषधे चालू असतील, तर स्टेरॉइड निषिद्ध नसते; मेंदूच्या टीबीत तर ते मुद्दाम देतात. घात होतो तो न ओळखलेल्या टीबीवर नुसते स्टेरॉइड गेले तर: ताप उतरतो, भूक लागते, सगळे खूश होतात आणि आत आजार पसरत राहतो. नळीतून काढलेला बेडका सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवला आहे का, हे जरूर विचारा. याउलट एक न्यूमोनिया असाही आहे, ज्यात स्टेरॉइड लवकर न देणे ही चूक ठरते; तो एचआयव्हीने प्रतिकारशक्ती घटलेल्यांना होणारा न्यूमोसिस्टिस. रक्तातला ऑक्सिजन फार घसरला असेल, तर त्यात स्टेरॉइड २१ दिवसांच्या ठरलेल्या उतरत्या क्रमाने देतात. सगळ्या न्यूमोनियांना एकच नियम लावता येत नाही तो यासाठी.

एक माहिती अशी आहे, जी डॉक्टर विचारायला विसरले तरी आपण होऊन द्यायला हवी. वडिलांनी गुडघेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कधी ‘हमखास गुण येणाऱ्या’ पुड्या, बिनलेबलच्या गोळ्या अथवा इंजेक्शने बराच काळ घेतली होती का? अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते महिनोन्‌महिने पोटात गेले असेल, तर मूत्रपिंडांवरच्या त्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात आणि गंभीर आजारात शरीराला हवे तेवढे कॉर्टिसोल देऊ शकत नाहीत. अशा रुग्णाचे स्टेरॉइड नातेवाइकांच्या आग्रहाखातर अचानक थांबवले, तर रक्तदाब कोसळू शकतो. बंद करायला सांगू नका, असे मी फोनवर घाईने म्हणालो त्यामागे हीदेखील शक्यता होती.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा घरातल्या एकानेच बोलावे. आपल्या भावाची सही आहे, तर त्यांनीच. सकाळच्या राउंडच्या गर्दीत नव्हे, तर दुपारी वेळ मागून घ्यावी आणि उत्तरे वहीत तारखेनिशी लिहावीत. ‘स्टेरॉइड चांगले की वाईट?’ असे विचारले, तर ‘गरजेचे आहे’ एवढेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा असे विचारा: न्यूमोनिया कशामुळे आहे असे आपल्याला वाटते आणि फ्लू व टीबीचे रिपोर्ट काय आले, स्टेरॉइड कोणत्या दिवशी सुरू झाले, चालू ठेवायचे की उतरवायचे याचा निर्णय कोणत्या दिवशी होईल आणि तो कशावरून, काल दिवसभरात सर्वांत जास्त साखर किती होती आणि इन्सुलिन पंपातून चालू आहे का, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू सापडला असेल, तर प्रतिजैविक त्याला लागू पडते का. या प्रश्नांची उत्तरे खळखळ न करता मिळाली, तर आपला रुग्ण काळजीपूर्वक हाताळला जात आहे असे समजायला हरकत नाही. ‘रिपोर्ट यायचे आहेत’ हेही प्रामाणिक उत्तर असू शकते. ते कधी येणार एवढे तेव्हा विचारून ठेवावे.

पुढच्या काही दिवसांत आपल्याला चकवणाऱ्या गोष्टी घडतील. स्टेरॉइडवर ताप बहुधा येत नाही आणि रक्तातला सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा आकडा, झपाट्याने उतरतो, म्हणून त्या दोन गोष्टींवरून ‘इन्फेक्शन गेले’ असे धरू नका. ऑक्सिजन किती टक्क्यांवर ठेवावा लागतो, तो रोज कमी होतो आहे का, हे जास्त बोलके असते. गुंगी उतरवल्यावर वडील असंबद्ध बोलतील, नळी ओढतील, आपल्याला ओळखणार नाहीत, असेही होऊ शकते. आयसीयूतल्या या भ्रमाला अनेक कारणे असतात, त्यांत स्टेरॉइड आणि मोडलेली झोप हीही असतात, आणि तो बहुतेकदा ओसरतो. त्यांचा चष्मा नेऊन द्या आणि भेटीच्या वेळी आज कोणता वार आहे, बाहेर ऊन आहे की पाऊस, हे सांगत राहा. हातापायांची ताकद गेल्यासारखी वाटेल; पडून राहणे, आजार आणि स्टेरॉइड या तिघांनी मिळून स्नायू खाल्लेले असतात. फिजिओथेरपी कधीपासून सुरू करणार, हे व्हेंटिलेटर असतानाच विचारायला हवे.

घरातल्या सगळ्या चर्चा या एका औषधाभोवती फिरत आहेत, ते मला थोडे खटकले. एआरडीएसच्या रुग्णाला जगवण्यात व्हेंटिलेटर कसा चालवला जातो याचा वाटा स्टेरॉइडपेक्षा कमी नाही. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांवरच्या अभ्यासात दिसले, की मोठ्या श्वासांऐवजी उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला ६ मिलिलिटर इतका लहान श्वास दिल्याने मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. २०१३ साली फ्रान्समधून आलेल्या अभ्यासात तीव्र एआरडीएसच्या रुग्णांना दिवसाला किमान १६ तास पालथे झोपवले, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरले. ‘बाबांना पालथे झोपवले आहे’ असे उद्या कोणी सांगितले, तर दचकू नका. आणि ऑक्सिजन फारच कमी असूनही तसे केले नसेल, तर का केले नाही हे विचारणे आपल्या अधिकारातले आहे. त्या प्रश्नाला मी स्टेरॉइडच्या प्रश्नापेक्षा वरचा क्रमांक देईन.

भावाच्या सहीबद्दल एवढेच सांगतो, की उद्या काही वाईट घडले तरी ते त्या सहीमुळे घडले असे घरात कोणी म्हणू नये. व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचलेला न्यूमोनिया उत्तम उपचार होऊनही अनेकांना नेतो. काकांशी हे आजच, शांतपणे बोलून ठेवा; नंतर बोलणे फार जड जाते.

वडील घरी आले, की डिस्चार्जच्या कागदावर स्टेरॉइडची एकही गोळी उरली आहे का, असल्यास कोणत्या तारखेला थांबायचे, हे तपासा. आठ-दहा दिवसांचे स्टेरॉइड बहुधा रुग्णालयातच संपते. त्याहून जास्त दिवस चालले असेल, तर लिहून दिलेल्या क्रमानेच उतरवायचे, बरे वाटते म्हणून आधी सोडायचे नाही आणि दम लागतो म्हणून स्वतःहून वाढवायचेही नाही. पहिले काही आठवडे घरी ग्लुकोमीटरवर साखर मोजा, विशेषतः दुपारच्या जेवणानंतरची, कारण सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने वाढलेली साखर दुपारनंतर चढते आणि सकाळी उपाशीपोटी चांगली दिसून फसवते. मधुमेहाची जुनी गोळी पुन्हा कधी सुरू करायची आणि इन्सुलिन कधी थांबवायचे, हे मात्र डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. एका बाजूचा चेहरा दुखणे, गाल बधिर होणे, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, टाळूवर काळा डाग यांपैकी काहीही आढळले, तर सकाळची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे.

राहिला प्रश्न घरातल्या गोळ्यांचा. आईंना खोकला आहे, पण दम लागत नाही आणि त्या घरातली कामे करत आहेत, असे आपण फोनवर म्हणालात. म्हणजे ऑक्सिजनही न लागणाऱ्या त्या तिसऱ्या गटात त्या बसतात, ज्याला स्टेरॉइडने काहीच दिले नव्हते. शिवाय त्या गोळ्यांची मुदत आता संपलेली असणार. पाकिटे कचऱ्यात तशीच टाकू नका, कोणाच्या तरी हाती लागतात. गोळ्या पाकिटातून काढून, न चुरडता माती किंवा चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवी बांधून टाका. वडील आजारी पडले तेव्हा आई त्यांच्याच खोलीत होत्या, म्हणून त्यांना एकदा तपासून घेणे बरे. त्यांचा खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, किंवा संध्याकाळी कसर येऊ लागली, वजन घटू लागले, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळचा बेडका द्या. ही तपासणी तेथे मोफत होते.